चित्राचे तेल आणि उशिराचा करार

७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा-शेवाहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ हे कंटेनरवाहू जहाज आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, कंटेनर समुद्रात कोसळले आणि टाक्यांतून सुमारे ८०० टन तेल सांडले. दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प होती. बारामती-इंदापूरची द्राक्षे-डाळिंबे याच वाटेने परदेशी जातात, म्हणजे हा प्रश्न नुसता कोळीवाड्यांचा नव्हे.

जहाजाचे इंधन डांबरासारखे दाट असते. पावसाळी लाटांत ते पाण्याशी घुसळून त्याचा चिकट लगदा होतो. उसळत्या समुद्रात तरंगते अडसर टिकत नाहीत. तवंगाचे बारीक थेंब करणारे रसायन तटरक्षक दलाने फवारले. पण असे रसायन तेल ताजे असेपर्यंतच उपयोगी पडते. तवंग घारापुरी आणि रायगडच्या किनाऱ्यापर्यंत गेला. खारफुटीची श्वसनमुळे तेलाने माखली की झाड गुदमरते, आणि चिखलातली मुळे पुसायची तरी कशी? नारळी पौर्णिमा अवघ्या १७ दिवसांवर होती आणि गिऱ्हाईक मासळी घ्यायला धजत नव्हते.

अशा प्रसंगासाठी १९९० चा आंतरराष्ट्रीय करार आहे. प्रत्येक देशाने राष्ट्रीय आराखडा आखावा, जहाजांनी आपापला ठेवावा आणि मोठ्या गळतीत एकमेकांना मदत करावी, असे तो सांगतो. भारताचा आराखडा १९९६ चा. सूत्रे तटरक्षक दलाकडे. ७०० टनांपर्यंतची गळती स्थानिक पातळीवर हाताळायची, १०,००० टनांपुढे परदेशी मदत मागायची. चित्रा मधल्या पायरीवर होते.

खरी अडचण भरपाईची. १९६७ मध्ये ब्रिटनजवळ ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज फुटल्यावर १९६९ चा भरपाई करार झाला, पण तो तेलवाहू जहाजांपुरता. चित्राचे तेल माल नव्हते, स्वतःचे इंधन होते. त्यासाठीचा २००१ चा करार २००८ मध्ये लागू झाला होता. त्यात सामील व्हायला भारताच्या मंत्रिमंडळाने मान्यता दिली ती २०१५ मध्ये. इतका उशीर समर्थनीय नाही.

जुलै २०२० मध्ये मॉरिशसच्या प्रवाळांवर जपानी मालकीचे ‘वाकाशिओ’ जहाज रुतले आणि पुढे सुमारे १,००० टन तेल सांडले. तेही इंधनच. भारताने ३० टन सामग्री आणि तटरक्षक दलाचे दहा जणांचे पथक विमानाने धाडले. मॉरिशस २००१ च्या करारात आधीच सामील होता. त्यामुळे भरपाईचा दावा कोणत्या नियमाने लावायचा, हे तिथे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.