आधी वैद्यकीय दाखला, मग सातबारा

आमच्या नगर जिल्ह्यातल्या माणसाला हेलिकॉप्टर काही नवं नाही. के. के. रेंजवर लष्कराचा सराव असला की घरघर ऐकू येते. निवडणूक आली की शाळेच्या मैदानावर चुन्याचा गोल आखला जातो आणि अख्खं गाव धूळ खात उभं राहतं. अशाच एका गर्दीत शेजारच्या वस्तीवरच्या मुलानं मला विचारलं, "चाचा, हे चालवायला शिकवतात कुठं?" त्याचे वडील शेजारीच होते. म्हणाले, "दोन एकर काढू, पण पोराला पाठवू."

मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. यंत्रातलं मला काय कळणार? पण जमीन काढायची भाषा ऐकली आणि गप्प बसवेना. नियम वाचले, जाणत्यांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट. बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर इथं वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. पण तिथं शिकवतात ते विमान. हेलिकॉप्टरचा परवाना वेगळा, शिक्षणही वेगळं. नागरी उमेदवाराला हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या संस्था देशात मोजक्याच. म्हणून जाहिरात बाजूला ठेवा आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत संस्थेचं नाव आहे का, ते पाहा. मान्यता हेलिकॉप्टरसाठी आहे ना, हेही पाहा.

दुसरी गोष्ट शाळेच्याही आधीची. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, हा इथला जुना नियम. तो सैल करण्याची चर्चा २०२५ साली झाली, तेव्हा ताजा नियम स्वतः वाचून घ्या. मग वैद्यकीय तपासणी. आधी द्वितीय श्रेणीची, नंतर प्रथम श्रेणीची. डोळे, रंगांची ओळख, कान, हृदय, सगळं तपासतात. चष्मा असला म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण रंग ओळखण्यातला दोष आडवा येऊ शकतो. फी भरल्यावर तो कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. प्रथम श्रेणीचा दाखला हातात पडेपर्यंत सातबाऱ्याला हात लावू नका.

आता शाळा कशी पारखायची? व्यावसायिक परवान्यासाठी साधारण १५० तासांचं उड्डाण लागतं आणि हेलिकॉप्टरचा तास विमानाच्या तासापेक्षा महाग. म्हणून विचारा: कागदावर यंत्रं किती आणि आज उडतात किती? एका यंत्रामागं विद्यार्थी किती? यंत्र दुरुस्तीला गेलं तर मुलानं वसतिगृहात बसून किती महिने काढायचे? ही उत्तरं कचेरीत मिळत नाहीत. बाहेरच्या चहाच्या टपरीवर शिकाऊ मुलं भेटतात, त्यांना विचारा.

त्याहून मोठा प्रश्न शिक्षकाचा. उरुसातलं भिरभिरं आठवा. हात न लावता, नुसत्या वाऱ्यानं फिरतं. हवेत इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर तसंच वाचतं. खाली येताना वर घुसणाऱ्या हवेनं पाती फिरत राहतात आणि जमिनीजवळ त्याच फिरण्याच्या जोरावर ते अलगद टेकवायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. पण पात्यांचा वेग टिकवायला वैमानिकाच्या डाव्या हातातला दांडा लगेच खाली जावा लागतो. रॉबिन्सनच्या छोट्या, दोन आसनी आर-२२ यंत्रात त्यासाठी एक-दोन सेकंदच मिळतात. आर-२२ आणि आर-४४ या यंत्रांसाठी अमेरिकेनं १९९५ साली खास प्रशिक्षणाचा नियम केला. तेव्हा शिक्षकाला विचारा, हा सराव किती वेळा करून घेता? जो प्रश्नावर चिडेल, त्याच्या हाती पोर देऊ नका.

सुरक्षिततेचा इतिहासही पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं तीन दिवसांच्या अंतरानं कोसळली आणि महासंचालनालयानं तिचं काम थांबवलं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ते प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देऊ लागलं आहे. पहिल्या यादीत सर्वोच्च श्रेणी एकाही संस्थेला मिळाली नाही, यावरून काय ते समजा.

पैसे एकरकमी भरू नका. अमेरिकेत सिल्व्हर स्टेट नावाची हेलिकॉप्टर शाळांची मोठी साखळी होती. ३ फेब्रुवारी २००८ रोजी ती एका दिवसात बंद पडली. मुलांनी सत्तर-सत्तर हजार डॉलरचं कर्ज काढून फी आगाऊ भरली होती. शाळा गेली, कर्ज राहिलं. उडालेल्या तासांचे पैसे त्या-त्या टप्प्यावर द्यावेत आणि उरलेले परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. परदेशी परवाना आणला तरी तो इथं चालवायला इथल्या परीक्षा द्याव्याच लागतात. शिवाय आपल्या कंपन्या वर्षानुवर्षं लष्करातून निवृत्त झालेले अनुभवी वैमानिक घेत आल्या आहेत. नुकताच परवाना मिळालेल्या तुमच्या किती मुलांना काम मिळालं, हे शाळेला जरूर विचारा.

आणि एक वाट जमीन न विकण्याचीही आहे. नाशिकला लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा २००३ पासून आहे. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. तिथं फी नाही. पण आधी अधिकारी व्हावं लागतं. एनडीए किंवा सीडीएसची परीक्षा, मुलाखत आणि मग निवड. वाट अरुंद आहे, पण तिच्यावर जाताना बापाला कुणाची दारं झिजवावी लागत नाहीत.

हे सगळं मी त्या बापलेकांना सांगितलं. मुलगा हिरमुसला नाही. एनडीएच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन आला. पुढच्या आठवड्यात तो डोळे तपासायला जाणार आहे. सातबारा अजून वडिलांच्याच नावावर आहे.