पदकाचा धातू आणि सेवेची जात

ब्रिटिश सरकारने 1900 साली 'कैसर-ए-हिंद' नावाचे पदक सुरू केले. हिंदुस्थानातील लोकसेवेबद्दल ते दिले जाई, सोन्याचे आणि चांदीचे. साहेबांच्या मडमा, मिशनच्या डॉक्टरीणबाई, परिचारिका अशा अनेक गोऱ्या स्त्रियांना ते मिळाले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातले जखमी शिपाई मुंबई बंदरात उतरत. त्यांच्या शुश्रूषेसाठी ब्रिटिश स्त्रिया बिनपगारी राबल्या. त्यांच्या सेवेला आम्ही कमी लेखत नाही. आमचा प्रश्न एवढाच की, जखमीला खांद्यावर वाहून नेणारे कोण होते आणि त्यांना काय मिळाले?

मोटार येण्याआधी या देशातली अॅम्ब्युलन्स म्हणजे डोली. ती उचलणारे भोई, कहार, हमाल हे लष्कराच्या दप्तरी शिपाई नव्हते, 'छावणीचे नोकर' होते. गोळी मात्र त्यांनाही लागत असे. 1903-04 च्या तिबेट मोहिमेनंतर लढणाऱ्यांना चांदीचे पदक मिळाले आणि ओझी वाहणाऱ्यांना तेच पदक ब्राँझचे! मोहीम एक, बर्फ एक, मरणही एक. धातू तेवढा वेगळा. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता कशाला म्हटले, हे समजायला एवढा एक दाखला पुरे.

आणि आमची सावित्रीमाई? 1897 च्या प्लेगात पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात मुलगा डॉ. यशवंत यांचा दवाखाना होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने तापला. डोली नाही, गाडी नाही. माईने त्याला पाठीवर घेतले आणि दवाखाना गाठला. मुलगा वाचला. 10 मार्च 1897 रोजी माई त्याच रोगाने गेल्या. अस्पृश्याच्या पोराला शिवायला जिथे कोणी तयार नव्हते तिथे ही बाई त्याला पाठीवर घेऊन चालली. आमच्या मते या देशातली खरी स्वयंसेवी अॅम्ब्युलन्स तीच.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. त्याने आमच्या बीड जिल्ह्यात यावे. दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, वडवणी, धारूरकडच्या वाड्या-तांडे ऊसतोडीला निघतात. मागे उरतात म्हातारेकोतारे आणि लेकरे. परत आलेल्या बायांची दुखणी आधी कळतात ती गावच्या आशाताईला. रात्री-अपरात्री बाळंतीणीसोबत दवाखान्यात जाते तीही तीच. याच जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्याचे 2019 मध्ये उघड झाले. सरकारी पाहणीत 82 हजारांवर बायांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. बायांची कैफियत खाजगी डॉक्टरच्या दारात जाण्याआधी जिच्याजवळ बोलली जाते, त्या आशेला सरकार कर्मचारी मानत नाही. कागदावर ती 'स्वयंसेविका' आहे. म्हणून तिला पगार नाही, मानधन आहे.

मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पुढाऱ्यांनी अभिनंदनाचे फलक लावले. पुढच्याच वर्षी, 2023 च्या अखेरीस, महाराष्ट्रातल्या याच आशांना मानधनासाठी संप करावा लागला. 2024 च्या सुरुवातीला त्या मुंबईत आझाद मैदानावर थंडीत बसल्या होत्या. फलक लावणाऱ्यांपैकी किती जण तिकडे फिरकले?

1928 साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. राबणाऱ्या बाईचा सत्कार करा, असे ते म्हणाले नाहीत. तिला भत्त्यासह विसावा मिळावा आणि तो कायद्याने मिळावा, ही त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये तो कायदा झाला. आशांसारख्या योजनाकर्मींना कामगाराचा दर्जा व किमान वेतन द्यावे, अशी शिफारस 45 व्या भारतीय श्रम परिषदेने 2013 साली केली. गौरव त्यानंतर 9 वर्षांनी आला. शिफारशीचे काय झाले, हे बीडमध्ये मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आमच्या आयाबहिणींनी विचारावे.