कल्याणच्या बंदराची वाट जुन्नरवरून

अवसरी बुद्रुकच्या शिवारातून समुद्र दिसत नाही. गाव आंबेगाव तालुक्यातले, मंचरच्या शेजारचे. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून दूर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. सागरी प्रवासाचा इतिहास इथून कशाला सांगायचा, असे कुणालाही वाटेल. पण मृग लागला की इथला शेतकरी ज्या पावसाची वाट पाहतो तो पाऊस आणणारा नैऋत्येचा वारा, आणि दोन हजार वर्षांपूर्वी तांबड्या समुद्राच्या तोंडापासून आपल्या किनाऱ्याकडे जहाजे ढकलणारा वारा, हे दोन नाहीत. याच वाऱ्याचे ढग भीमाशंकर-आहुप्याच्या घाटमाथ्यावर रिते होतात, ते पाणी घोड नदीने पूर्वेला येते, पुढे भीमेला आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. एका समुद्राचे पाणी दुसऱ्या समुद्राला पोचवणारा हा मुलूख आहे. समुद्राशी त्याचा व्यवहार तेवढ्यावर थांबलेला नाही.

सागरी मार्गांच्या इतिहासात हिप्पालस हे नाव हटकून येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे सागरी व्यापाराचे माहितीपुस्तक लिहिले. बंदरांची स्थाने आणि समुद्राचा आकार ध्यानात घेऊन भर समुद्रातून थेट भारत गाठण्याची वाट या हिप्पालस तांडेलाने शोधली, असे श्रेय त्यात दिले आहे. ते मला अपुरे वाटते, आणि त्याला आधार ग्रीकांच्याच लिखाणात आहे. स्ट्रॅबो हा भूगोलकार त्या पुस्तकाच्याही आधीची एक हकिकत सांगतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर पहारेकऱ्यांना एका जहाजात अर्धमेला माणूस सापडला. बाकीचे सोबती भुकेने गेले होते. त्याची भाषा कुणाला येईना. इजिप्तच्या राजाने त्याला ग्रीक शिकवले, तेव्हा कळले की तो भारतातून निघालेला खलाशी आहे आणि वाट चुकला आहे. राजाची माणसे बरोबर दिली तर भारताचा रस्ता दाखवतो, असे त्याने कबूल केले. त्याप्रमाणे गेलेल्या सफरीत युडॉक्सस नावाचा ग्रीक होता. त्याचे नाव इतिहासात राहिले. वाट दाखवणाऱ्याचे नाव मात्र कुणी टिपून ठेवले नाही.

वाऱ्याचे वेळापत्रक फार काटेकोर होते. इजिप्तहून जहाजे जुलैच्या सुमारास निघत. ऐन जून-जुलैत आपला किनारा गाठणे म्हणजे जहाज फोडून घेणे. म्हणून हिशेब असा, की जोराचा वारा भर समुद्रात वापरायचा आणि किनाऱ्याला लागायचे ते सप्टेंबरात, वारा ओसरल्यावर. आपल्याकडचे कोळी आजही नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटतात, त्यामागचे शहाणपणही तेच आहे. परतीचा प्रवास ईशान्येच्या वाऱ्यावर, डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे परदेशी जहाज बंदरात उभे राहायचे ते नेमके घाट कोरडे होऊ लागल्यावर, दसरा-दिवाळीच्या दिवसांत. भात कापायला आलेला असे, ओढे उतरलेले असत, आणि लादलेली जनावरे घाट उतरू शकत.

तो घाट म्हणजे नाणेघाट. कल्याणहून मुरबाड, वैशाखरे, तिथून चढ आणि वर घाटघर, मग जुन्नर. पायथ्यापासून निघालेली वाट शेवटी दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या खिंडीत शिरते. पायऱ्या खडकात खोदलेल्या, काही झिजून गुळगुळीत झालेल्या. खिंडीच्या तोंडाजवळ खडकात कोरलेले दालन आहे. आतल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे: गायी, घोडे, कार्षापणे, आणि त्यांचे आकडे. भारतातल्या अंकलेखनाचा इतिहास सांगताना हे आकडे वगळता येत नाहीत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आता वरची नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. घाटमाथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असे परंपरा सांगते.

राजघराण्याने आपल्या दानधर्माची नोंद राजधानीत न कोरता या खिंडीत का कोरावी? माझ्या मते उत्तर सरळ आहे. राज्यातली सगळ्यात जास्त वर्दळीची, सगळ्यात जास्त परक्या डोळ्यांसमोरची जागा ही होती. पैठणचा गोमेद आणि तेरचे सुती कापड गाड्यांवर लादून भरूचच्या बंदराला जात असल्याचे पेरिप्लसमध्ये नोंदले आहे. त्याच देशावरून कोकणात उतरायची जवळची वाट जुन्नर-नाणेघाटावरून होती. बदल्यात पश्चिमेकडून मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्या-चांदीची नाणी येत. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची कांस्यमूर्ती १९४४-४५ साली कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खननात मिळाली. तेही गाव किनाऱ्यावरचे नाही.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, मनमोडी, शिवनेरी, तुळजा इथे, जितकी लेणी आहेत तितकी एका गावाभोवती देशात क्वचितच सापडतील. तिथले दाते कोण होते ते वाचावे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. कासार आणि बांबूचे काम करणारे यांच्या श्रेणींची नावे येतात. आणि यवनांची येतात: इरिल, चिट, चंद. यांतल्या एकाने टाकी खोदवली, एकाने भोजनमंडप दिला. हे लोक समुद्र ओलांडून आले की त्यांचे पूर्वज, हे लेखांत नाही. पण त्यांनी जुन्नरला घर मानले आणि इथल्या भिक्खूंच्या पाण्याची सोय केली, हे दगडात आहे.

या वाटेवरून भांडणेही झाली. मनमोडीच्या लेण्यात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य आयाम याचा वर्ष ४६ चा लेख आहे. म्हणजे त्या वेळी जुन्नर सातवाहनांच्या हातून गेले होते. कल्याणला लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचला नेली जातात, अशी नोंद पेरिप्लसमध्ये आहे. कल्याणचे बंदर बंद पाडायचे, सगळा माल भरूचला वळवायचा, असा तो डाव दिसतो. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारलेला होता. याच घराण्यातल्या यज्ञश्री सातकर्णीने आपल्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज उमटवले.

भर समुद्रात दिशा कशी कळे? दिवसा सूर्य, रात्री तारे. अरब आणि भारतीय खलाशी नंतरच्या काळात 'कमाल' वापरत. ही एक लहानशी चौकोनी फळी, तिच्या मध्यातून ओवलेली गाठी मारलेली दोरी. दोरीची गाठ दातांत धरायची, फळी समोर ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरची कड ध्रुवाला टेकते का पाहायचे. एकेका बंदराची एकेक गाठ. आपल्या बंदराच्या गाठीला ध्रुव बरोबर बसला, की त्याच उंचीवर राहून पूर्वेला चालत राहायचे. अवसरीच्या गच्चीवरून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर दिसतो, मुंबई बंदरात शिरणाऱ्या तांडेलालाही तितक्याच उंचीवर. सातवाहनांच्या काळात मात्र आजचा ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून बराच दूर होता. तेव्हाच्या खलाशांना इतर ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा पाठ ठेवाव्या लागत.

हे ज्ञान असण्या-नसण्याने काय होते, याचा पुरावा वास्को द गामाच्या सफरीत आहे. २४ एप्रिल १४९८ रोजी तो आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला. बरोबर तिथल्या राजाने दिलेला वाटाड्या होता. २० मे रोजी जहाजे कालिकतजवळ नांगरली. परत जाताना वाटाड्या नाही, वाऱ्याची वाट पाहायची तयारीही नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून तो निघाला. आफ्रिकेचा किनारा दिसायला जानेवारी उजाडला. सुमारे तीस माणसे स्कर्व्हीने मेली. उरलेल्यांत प्रत्येक जहाजावर कामाला उभे राहू शकणारे सात-आठ जण. तीन जहाजे हाकायला माणसे पुरेनात, म्हणून एक जाळून टाकावे लागले. तोच समुद्र, तीच जहाजे, तोच कप्तान.

शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत जहाजे बांधायला काढली, तेव्हा त्यांच्या घाटावरच्या मुलखाला बंदर जोडले गेले. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचे प्रकरण आहे. जहाजांसाठी लाकूड हवेच, पण आंबा-फणसाला हात लावू नये, रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशी ताकीद त्यात आहे. आरमार उभारताना किनाऱ्यापलीकडच्या शेतकऱ्याच्या झाडाचा विचार करणारा हा कागद मला सागरी इतिहासातला फार मोलाचा वाटतो.

पोर्तुगीजांनंतर समुद्र जुन्नर-आंबेगावात वेगळ्याच रूपाने आला, तो थेट शेतात. अवसरी घाटाजवळच्या सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावर बटाटा होतो. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार राज्यभर माहीत आहे. बटाटा, टोमॅटो, मिरची, भुईमूग, मका, पेरू: सगळी पिके अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी यांतले एकही इथे नव्हते. मंचरच्या मार्केट यार्डात आज उतरणाऱ्या मालातला मोठा भाग जहाजांतून आलेल्या बियाण्याचा वंशज आहे.

आपल्या शाळांत सागरी इतिहास म्हणजे कोलंबस आणि गामा. जुन्नर-आंबेगावच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की मुलांना एकदा दिवाळीनंतर, धुके आणि गर्दी ओसरल्यावर, नाणेघाटात न्यावे. पावसाळ्यात लोक उलटा उडणारा धबधबा बघून परततात, लेण्यात डोकावत नाहीत. मुलांना आत नेऊन भिंतीवरचे आकडे दाखवावेत, लेखाला हात लावू देऊ नये, आणि घाट उतरवून वैशाखऱ्यापर्यंत चालवावे. जमल्यास पुढे मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात न्यावे. भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली सोपाऱ्याच्या जुन्या बंदरात सापडलेला अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा तिथे आहे.