पडदा, पाठशाळा आणि न्यायासन

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले आणि १९६१ च्या ऑगस्टात सिल्वासासह दादरा व नगर हवेली भारतीय संघराज्यात रीतसर समाविष्ट झाली, तेव्हा हा मुलूख महाराष्ट्राला जोडला गेला नाही की गुजरातेलाही नाही. परंतु त्या वर्षीच्या कायद्याने येथे मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार लागू केला, आणि म्हणून विद्यार्थिनींच्या पेहरावासंबंधी मुंबईत जो निवाडा होतो, त्याची कक्षा सिल्वासाच्या शाळेच्या दारापर्यंत येते. वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासी जमातींच्या या प्रदेशात २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे मुसलमानांची वस्ती शेकडा ४ पेक्षाही कमी आहे. एवढ्या अल्पसंख्य समाजातील मुलीच्या घटनादत्त हक्काचा अर्थ बहुधा दुसऱ्या शहरातील मुलींच्या दाव्यातून ठरून तिच्याकडे येतो.

असा ताजा दावा चेंबूरचा. तेथील आचार्य-मराठे महाविद्यालयाने बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बिल्ला अशा धर्मनिदर्शक वस्तूंना मनाई केली, आणि नऊ विद्यार्थिनींनी दाद मागितली. हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे, त्याचा हेतू विद्यार्थ्यांचे चित्त अध्ययनाकडे राहावे हा आहे, असे म्हणून उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी त्यांचा अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ९ ऑगस्ट २०२४ रोजी हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांवरील बंदीला तात्पुरती स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकून बसण्यास मुभा नाही, हेही त्याच हुकुमात सांगितले. धर्म नावावरूनही कळतो, मग विद्यार्थ्यांना क्रमांकांनी ओळखणार काय, असा प्रश्न न्यायमूर्तींनी महाविद्यालयाच्या वकिलांना केला. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण कपाळावरचे कुंकू, शिखाची पगडी आणि मुसलमान मुलीचा रुमाल यांपैकी एकालाच धर्माचे प्रदर्शन समजणारी दृष्टी स्वतःस तटस्थ म्हणवू शकत नाही.

या वादाचे मूळ सिल्वासाच्या मुक्तीच्याच वर्षी दिल्लीत दिल्या गेलेल्या एका निकालात आहे. उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की धर्माचा आवश्यक भाग कोणता हे त्या धर्माच्याच सिद्धांतांवरून ठरवावे. मठाधिपतीचे स्वातंत्र्य राखण्यासाठी योजलेले हे तत्त्व पुढे न्यायालयाच्या हाती चाळणीसारखे आले. १९६१ मध्ये अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी अंधश्रद्धेतून आलेल्या रूढींना संरक्षण नसल्याचे सांगितले, आणि श्रद्धा कोणती व रूढी कोणती याची छाननी न्यायासनाकडे आली. २०२२ साली त्याच उडुपीतल्या विद्यार्थिनींच्या अर्जावर, हिजाब हे इस्लामचे आवश्यक अंग नव्हे, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च रोजी दिला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबरला न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. सुधांशू धुलिया यांचे मतैक्य न झाल्याने निकाल दुभंगला. न्या. धुलियांनी धर्मशास्त्राची चर्चाच अप्रस्तुत ठरवून, हा मुलीच्या निवडीचा आणि तिच्या शिक्षणाचा प्रश्न आहे असे मानले. मलाही हाच मार्ग सरळ दिसतो: कुराणाचा अर्थ लावणे हे न्यायाधीशांचे काम नव्हे, आणि सोळा वर्षांच्या मुलीला वर्गात बसण्यापूर्वी स्वधर्माची मीमांसा सिद्ध करायला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे.

परंतु निवड खरोखर तिची असते काय, ही शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकता येत नाही. गोषा, म्हणजे पडदा, केवळ मुसलमानांची चाल नव्हती. मराठा सरदारघराण्यांतही तो कुलीनतेची खूण मानला जाई, आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई, यांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या, तो तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध. त्यांना स्वसमाजातील रोषाची पर्वा न करता चालावे लागले. त्या सात जणी आणि चेंबूरच्या नऊ जणी यांना परस्परविरुद्ध पक्षांत बसवण्याची घाई आपल्याकडे फार होते, आणि ती मला अनुचित वाटते. इराणात १९३६ साली रेझा शाहने हुकूम काढून स्त्रियांचे डोके उघडे करविले आणि १९७९ नंतरच्या राजवटीने हुकूम काढून ते झाकविले. दोन्ही वेळी स्त्रीला कोणी विचारले नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने रुमाल लादला तर त्या मुलीला आधार हवा, आणि तो देणारी शाळा तिच्यासाठी उघडी असली पाहिजे. रुमालासकट तिला दाराबाहेर काढले, तर ती परत त्याच वडीलधाऱ्याच्या स्वाधीन होते.

ओळख पटविण्याची आणि परीक्षेतील गैरप्रकारांची अडचण खरी आहे, पण तीवर तोडगा निघालेला आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने २०१६ साली हिजाब घालू इच्छिणाऱ्या मुलींना परवानगी दिली ती एका अटीवर: त्यांनी परीक्षेपूर्वी अर्धा तास आधी यावे आणि गरज पडल्यास झडती द्यावी. सिल्वासाच्या कोणत्याही परीक्षाकेंद्रावर एवढी तजवीज एका महिला पर्यवेक्षिकेच्या नेमणुकीने होऊ शकते.