धारवाड ते हुबळी, धावत

धारवाडहून हुबळीला धावत जावे आणि तसेच परत यावे, म्हणजे मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर जवळजवळ भरतात. हिशेब सोपा, पण पन्नाशी उलटल्यावर पहाटे पाचला नवलूरची वाट धरणे निराळे. रक्तातली साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांच्या संमतीने मी हा उद्योग आरंभिला.

नियम एकच: सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे. शब्द तुटू लागले, की चालायचे. छाती महिन्याभरात सरावते. गुडघे, घोटे, शिरा यांना अधिक काळ लागतो. म्हणून दम असला तरी थांबावे लागते, आणि तेच अवघड जाते.

शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन धावले. सुमारे 2 तास 50 मिनिटांत ते एकोणिसावे आले. तो वेग आमच्या नशिबी नाही. शर्यत पुरी करण्याची त्यांची जिद्द मात्र उसनी घेता येते.

सध्या पेरूंच्या नवलूरपर्यंत मजल जाते. उणकलचे तळे अजून दूर आहे. ते दिसेल त्या दिवशी हुबळी फारशी लांब राहणार नाही.