बंद पडलेली रेल्वे आणि आपली चालण्याची वाट



तुमसरच्या वस्त्यांमध्ये आम्ही रक्तदाब आणि शुगर तपासायला बसतो, तेव्हा गोळ्यांबरोबर एक सल्ला ठरलेला असतो: रोज अर्धा तास चाला. हा सल्ला ऐकून बाया हसतात. एकीने विचारले, "सिस्टर, फिराले कुठं जावं? रोडवर टरक, पटरीवर गाडी." तिच्या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या चिठ्ठीत नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्या सगळ्यांना चाला म्हणून सांगितले जाते. कुठे चालायचे ते मात्र कोणी सांगत नाही.

तुमसरमध्ये पुष्कळ लोक पटरीच्या कडेने चालतात. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. धान आणि रेतीचे ट्रक रस्त्याची कडा मोकळी ठेवत नाहीत, आणि पहाटे अंधारात बाईमाणसाला रस्त्याची भीती वाटते. पटरी सरळ आणि सपाट असते, पावसाचे पाणीही तिथे साचत नाही. पण तुमसर रोडवरून, म्हणजे आपल्या देव्हाडीवरून, मुंबई-हावड्याचा मुख्य मार्ग जातो. तुमसर टाऊन, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी हा फाटाही चालू आहे आणि तो आता पुढे कटंगीला जोडला गेला आहे. विजेवरची गाडी जुन्या इंजिनासारखी दुरून ऐकू येत नाही. कानात मोबाईलचे बोंडूक असेल तर अजिबातच नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दंडाचे सोडा, जीव जातो. म्हणून चालू पटरीवर फिरायला जाऊ नका. याला दुसरा अर्थ नाही.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची गोष्ट वेगळी आहे. गाडीला चढ सोसत नाही, म्हणून रेल्वे बांधताना उंचवटे कापतात आणि खोलगट जागी भराव घालतात. आपल्या मैदानी भागात शंभर मीटर चालून गेले तरी एक मीटरचा चढ लागत नाही. वळणे मोठी असतात, नाल्यांवर पूल असतात. गुडघेदुखीच्या म्हातारीला, बाळंतपणानंतर वजन वाढलेल्या पोरीला, हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या माणसाला यापेक्षा चांगली वाट शोधून मिळणार नाही.

दुसऱ्या देशांनी हे करून दाखवले आहे. ब्रिटनमध्ये 1963 च्या एका अहवालात सुमारे 8,000 किलोमीटर रेल्वे तोट्यात म्हणून बंद करण्याची शिफारस झाली आणि बरीचशी बंदही झाली. त्या काळात ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांमधली एक लाईनही बंद पडली. पुढे 1979 ते 1986 या काळात स्वयंसेवकांनी तिच्यावर सुमारे 21 किलोमीटरची पायवाट आणि सायकलवाट तयार केली. स्पेनने 1993 पासून अशा वाटा करायला घेतल्या, आज त्या 3,000 किलोमीटरच्या वर गेल्या आहेत. न्यूझीलंडच्या ओटागो भागात सुमारे 150 किलोमीटरची वाट 2000 साली पुरी झाली आणि ओस पडत चाललेल्या खेड्यांत चहा-जेवणाची, मुक्कामाची सोय करून लोकांचे पोट चालू लागले. कामाची रीत साधी आहे. रूळ आणि स्लीपर काढायचे, गिट्टी दाबून घ्यायची, वर बारीक मुरूम पसरून रोलर फिरवायचा, पुलांना कठडे लावायचे. भराव तर आधीच घातलेला असतो आणि खरा खर्च त्याचाच असतो.

आपल्या विदर्भात अशी लाईन म्हटली की शकुंतला आठवते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, सुमारे 190 किलोमीटर, अडीच फुटी रूळ. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना पोचवण्यासाठी इंग्रज कंपनीने ती बांधली. 1994 पर्यंत तिच्यावर वाफेचे इंजिन धावत होते. गेल्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने बंद पडली. आता तिथे रुळांमध्ये झुडपे वाढली आहेत आणि लोकांची रोजची ये-जा त्याच्याच कडेने होते. रीतसर पायवाट कोणी केलेली नाही.

मग शकुंतलेची पायवाट करा, असे आम्ही म्हणणार का? नाही. ती गरिबाची गाडी होती. शेतमजूर, बाजाराला जाणाऱ्या बाया, कॉलेजची पोरे तिच्यात बसत. एस.टी.चे तिकीट ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी ती होती. तिकडचे लोक ती ब्रॉडगेज होऊन पुन्हा सुरू व्हावी म्हणून भांडत आहेत आणि त्यांचे बरोबर आहे. नागपूर-नागभीड ही छोटी लाईनही 2019 मध्ये बंद झाली, पण ती ब्रॉडगेज करण्यासाठी. ज्या मार्गावर गाडी परत येऊ शकते तिथे आधी गाडीच मागावी. माणसाला दवाखान्यात पोचवणारी गाडी ही सुद्धा आरोग्याचीच गोष्ट आहे. पायवाटेची मागणी करायची ती गाडी कधीच परत येणार नाही अशा तुकड्यांसाठी: खाणींच्या, गोदामांच्या, कारखान्यांच्या सोडून दिलेल्या सायडिंग, किंवा नवा मार्ग दुसरीकडून गेल्यावर उरलेले जुने भराव.

आणखी एका गोष्टीकडे आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये जमिनीच्या वरून जाणारी एक जुनी मालगाडीची लाईन होती. 2009 पासून तिची बाग आणि पायवाट झाली. जगभरचे लोक ती पाहायला जातात. पण आसपासच्या जागांचे भाव आणि भाडी इतकी चढली की शेजारच्या सरकारी चाळींतल्या गरीब लोकांना ही वाट आपल्यासाठी आहे असे वाटेना. आपल्या देशात रेल्वेच्या जागेला लागून कोणाच्या वस्त्या असतात ते वेगळे सांगायला नको. सुशोभीकरणाचा फलक लागला की पहिला बुलडोझर कुठे वळतो, तेही आपल्याला माहीत आहे. म्हणून मागणीच्या अर्जात पहिली ओळ हीच असावी: एकही घर हलवले जाणार नाही. दुसरी ओळ: वाटेवर पाण्याचा नळ, दिवे आणि बायांसाठी संडास. अर्ज महिला मंडळाने नगर परिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे द्यावा आणि ठराव करून घ्यावा. जागा रेल्वेची, म्हणून तो ठराव दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे जायला हवा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

तोपर्यंत काय? आपल्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. तळ्याची पाळ ही रेल्वेच्या भरावाची सख्खी बहीण आहे, तशीच उंच आणि सपाट. बावनथडी प्रकल्पाच्या नहराच्या कडेचा रस्ताही बऱ्याच गावांना जवळ आहे. चौघीजणी मिळून जा, एकटीने नको. भगवान बुद्धांनी भिक्खूंना चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले, त्यांत आजार कमी होणे आणि खाल्लेले नीट पचणे हे दोन आहेत. आजचे डॉक्टर आठवड्याला किमान 150 मिनिटे म्हणतात, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे.

जुन्या पटरीवर किंवा भरावावर चालताना काही गोष्टींची काळजी घ्यावी लागते. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, गिट्टीचा टोकदार दगड लागला तरी कळत नाही. स्लीपर चप्पल नको, बंद बूट घाला आणि घरी आल्यावर तळवे पाहा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पदराला साखरेची पुडी बांधून ठेवावी. घाम फुटून हातपाय थरथरले की ती लगेच खायची.

सिकलसेल आपल्या समाजात आणि गोंड समाजात जास्त आढळतो. 'एसएस' असलेल्यांनी चालायला हरकत नाही, पण दमेपर्यंत नाही, आणि कडक थंडीत वा उन्हात नाही. पाण्याची बाटली सोबत हवीच. तहान लागायची वाट पाहू नका. हाडे-सांधे ठणकू लागले तर थांबा, पाणी प्या आणि दवाखाना गाठा.

डोंगरी बुजुर्ग, चिखल्याकडच्या लोकांनी मँगनीज भरण्याच्या जागेजवळ फिरू नये. ती काळी धूळ वर्षानुवर्षे श्वासातून आत गेली तर मेंदूवर परिणाम होतो, हात कापतात, चाल बिघडते. जुने लाकडी स्लीपर फुकट मिळाले तरी चुलीत घालू नका. लाकूड टिकावे म्हणून त्यांना डांबरी तेल पाजलेले असते, त्याचा धूर विषारी असतो.

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत भरावावर गवत माजते. तिथे घोणस, मण्यार असतात, म्हणून काठी आणि बॅटरी न्या. साप चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, अवयव न हलवता थेट उपजिल्हा रुग्णालयात जा. त्याच गवतात स्क्रब टायफसचे बारीक किडेही असतात. 2018 मध्ये या तापाने विदर्भात माणसे दगावली. फिरून आल्यावर कपडे बदला, अंग धुवा. चार-पाच दिवस ताप उतरत नसेल आणि काखेत, जांघेत किंवा कमरेला काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना दाखवा आणि आपण गवतातून चालत होतो हे सांगा. वेळेत कळले तर हा ताप साध्या गोळ्यांनी बरा होतो.