अजिंठ्यातील पुष्पालंकरण

अजिंठ्याच्या लेण्यांतील, विशेषतः लेणी क्र. १, २ व १७ यांच्या छतांवरील, फुले, वेली, फळे व पक्षी यांची रंगीत नक्षी. ज्या डोंगररांगेत ही लेणी खोदलेली आहेत, तीच पुढे बुलढाणा जिल्ह्यात शिरते. नक्षीचा काळ मुख्यत्वे वाकाटक नृपती हरिषेण याच्या कारकीर्दीचा, म्हणजे इ. स. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध होय. भिंतींवरील जातककथांच्या चित्रांपुढे ती बहुधा दुर्लक्षित राहते.

बेसाल्ट खडकावरील छिन्नीचे घाव गुळगुळीत न करता तसेच ठेवीत, त्यामुळे गिलावा घट्ट धरून राही. लोहयुक्त माती, खडकाची भरड व वनस्पतींचे तंतू यांचा जाड थर, त्यावर बारीक मातीचा थर व शेवटी पातळ पांढरा लेप असा क्रम असे. लेप वाळल्यानंतर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावीत. म्हणून ओल्या गिलाव्यावरील भित्तिचित्रांहून हे तंत्र वेगळे आहे.

रंग मोजकेच : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व पांढरा. केवळ निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दूर अफगाणिस्तानच्या बाजूने येई. या तुटपुंज्या सामग्रीतून वैचित्र्य साधले ते मांडणीने. छताचे चौकोनी कप्पे पाडून त्यांची भूमी आलटून पालटून गडद व फिकी ठेवल्याने एकाच घाटाचे कमळ एका कप्प्यात उजळ, तर दुसऱ्यात सौम्य भासते. ताणलेल्या चित्रित चांदव्याखाली उभे असल्याचा भास होतो. पाकळीला सपाट रंग देऊन कडेला गडद छटा भरीत. विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्रा’त पत्रज, ऐरिक व बिंदुज अशा वर्तनेच्या, म्हणजे छायांकनाच्या, तीन पद्धती सांगितल्या आहेत, पानाच्या शिरांसारख्या रेषा, अतिसूक्ष्म रेषा व ठिपके हे त्यांचे स्थूल स्वरूप.

जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने १८७२ ते १८८५ या काळात या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी अनेक १८८५ मध्ये लंडन येथील आगीत नष्ट झाल्या. उरलेल्यांवर आधारित द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रतिकृतींचे मोल निव्वळ ऐतिहासिक नाही. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ञांकरवी चित्रांवर लाखेचे रोगण चढविले. ते कालांतराने पिवळे-तपकिरी पडले व पांढऱ्याची शुभ्रता लोपली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने पुढे ते काढण्याचे काम हाती घेतले. तथापि आज दिसणारी छटा मूळचीच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.